किल्ल्याचं दार कोणी उघडायचं?

वरच्या कचेरीतून फोन आला तेव्हा साहेब टेबलाखाली पाय पसरून हाताची नखं कापत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी उरलेली बोटं तशीच सोडून दिली. निरोप छोटा होता. तक्रार शाखेतला एक माणूस कमी करायचा आहे. कोणता, ते शाखाप्रमुखांनीच ठरवावं आणि शुक्रवारी पाचच्या आत नाव कळवावं.

कंपनी वजनकाटे बनवत असे. काटा कमी दाखवतो, काटा जास्त दाखवतो, काटा अडकतो अशा तक्रारी शाखेकडे येत. एका दुकानदारानं तर काटा बरोबर वजन दाखवतो अशी तक्रार केली होती आणि तीसुद्धा अजून निकालात निघाली नव्हती. शाखेत साहेबांखेरीज तीन माणसं. हेडक्लार्क भाऊसाहेब होते. त्यांच्या बायकोला दर आठवड्याला दवाखान्यात नेऊन तिचं रक्त यंत्रातून गाळून आणावं लागे आणि तो खर्च कंपनी सोसत असे. टायपिस्टबाई होत्या, त्यांचा नवरा घरी बसून होता, आणि बसण्याचं काम तो मन लावून करी. तिसरा खिडकीवरचा कारकून. तो आलेल्या प्रत्येक माणसाला 'उद्या या' म्हणून परत पाठवी, म्हणून सगळी कंपनी त्याला 'उद्या'च म्हणे. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. तेवढी एक बाई त्याला खऱ्या नावानं हाक मारायची.

साहेब वाईट नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. वाईट माणसानं चहा संपायच्या आत एक नाव लिहून दिलं असतं आणि रात्री घोरत पडला असता. साहेबांना एकाची नोकरी तर घालवायची होती, पण त्याचे शिव्याशाप नको होते. तीन दिवस ते शाखेत आले की तिघांच्या तोंडाकडे बघत आणि नजरानजर झाली की छताकडे बघत. तिघांनाही फोनची कुणकुण लागलेली होती. त्यामुळे शाखेत इतकी शिस्त आली की उद्यानं एका गिऱ्हाइकाला चुकून आतमध्ये बसायला खुर्ची दिली.

गुरुवारी संध्याकाळी साहेब घरी आले तर मुलगी मैत्रिणींबरोबर जेवणाच्या टेबलाशी काहीतरी खेळत बसली होती. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक कागद आणि एक फासा. एक मुलगी गोष्ट सांगत होती आणि बाकीच्या आपण काय करतो ते बोलून दाखवत होत्या. तेवढ्यात त्यांच्यातली एक मेली. तिनं केस सारखे केले, "फाशानं मारलं, कोण काय करणार," असं म्हणाली आणि आनंदानं घरी गेली. साहेब बूट काढता काढता थांबले. मेलेल्या माणसानं कोणालाही दोष न देता निघून जावं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"हे काय आहे गं?" मैत्रिणी गेल्यावर त्यांनी विचारलं.

"व्हॅम्पायरचा किल्ला, बाबा. व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिणारं भूत. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी किल्ल्यात शिरायचं, वर चढायचं आणि त्याला मारायचं."

"आणि नियम?"

"नियम फारसे नाहीतच. धोक्याचं काही करायचं असेल तर फासा टाकायचा. चार, पाच, सहा पडले तर जमलं. एक, दोन, तीन पडले तर मेलं. हे सगळ्यांना लागू, व्हॅम्पायरलासुद्धा. बाकी सगळं तोंडी. फक्त एकदा बोललं की बोललं, मागं घ्यायचं नाही."

"म्हणजे कोण मरणार ते फासाच ठरवतो."

"हो. गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात काही नसतं."

साहेबांनी तिनं नियम लिहिलेल्या कागदाची घडी केली, फासा खिशात टाकला आणि त्या रात्री ते पोटभर जेवले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी खिडकी बंद करून घेतली, तिघांना टेबलाभोवती बसवलं आणि सगळं सरळ सांगून टाकलं. फोन सांगितला, मुदत सांगितली आणि खेळही सांगितला. "मला तुम्ही तिघेही सारखेच. मी कोणाचं नाव घेणार? या खेळात जो पहिला मरेल त्याचं नाव वर जाईल. फाशाला नाती नसतात, आवडनिवड नसते. ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच सांगावं."

बाईंचा चेहरा उतरला. उद्या एकटक फाशाकडे बघत राहिला. शेवटी भाऊसाहेबांनी घसा साफ केला.

"साहेब, फासा कुठला आहे?"

"माझ्या मुलीचा."

"तपासलेला आहे का? नाही, सगळ्या बाजू सारख्या वजनाच्या पाहिजेत म्हणून म्हणतो."

फासा टेबलावरच्या काट्यावर ठेवून पाहिला. त्यावरून काही कळलं नाही, पण सगळ्यांना बरं वाटलं. मग साहेबांनी, बैठकीचा वृत्तांत सांगतात त्या आवाजात, गोष्ट सुरू केली. "रात्र आहे. समोर काळाकुट्ट किल्ला आहे. दार लोटलेलं आहे. वरच्या मजल्यावर व्हॅम्पायर आहे. तुम्ही तिघं दारासमोर उभे आहात. काय करता?"

बाईंनी बाकीच्या दोघांकडे पाहून घेतलं.

"आम्ही उभे आहोत," बाई म्हणाल्या.

"ते मीच सांगितलं. पुढं काय करता?"

"सध्या उभेच आहोत."

"दार ढकलता का?"

"दार ढकलणं धोक्याचं आहे का, साहेब?" उद्यानं विचारलं.

"अर्थात. व्हॅम्पायरचं दार आहे ते."

"मग नको."

"भाऊसाहेब, तुम्ही ज्येष्ठ आहात."

"म्हणूनच म्हणतो साहेब, घाई नको. आत काय परिस्थिती आहे, कोण जबाबदार आहे, आपण नेमके कोणाच्या सांगण्यावरून आलो आहोत, हे आधी स्पष्ट झालेलं बरं."

साहेबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. हा खेळ धाडसी माणसांसाठी होता. आणि तो ते अशा शाखेला खेळायला लावत होते, जिच्यात काहीच न करण्याची कला वर्षानुवर्षं घासूनपुसून लखलखीत झाली होती. जो काम करतो त्याच्याच हातून चूक होते; जो काही करत नाही, त्याच्या हातून काय होणार? याच तत्त्वावर शाखा उभी होती. आता खेळाचा एकुलता एक नियमही तेच सांगत होता, की जो काही करील त्यानंच फासा टाकायचा. तिघांनी तो नियम एकदाच ऐकला आणि तिघांनाही तो आपल्या घरचाच वाटला. वाईट याचं की शाखेला हे तत्त्व साहेबांनीच शिकवलं होतं.

त्यांनी पाऊस पाडला. तिघं भिजत उभे राहिले. त्यांनी थंडी आणली. तिघं कुडकुडत उभे राहिले. मग त्यांनी लांडगे सोडले.

"लांडगे आले आहेत. अंगावर येत आहेत. काय करता?"

"काही नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"अहो, लांडगे आहेत."

"येऊ देत. आम्ही काही केलंच नाही, तर फासा कशाचा?"

आता लांडग्यांनी तिघांपैकी कोणाला खाल्लं हे साहेबांना आपल्या तोंडानं सांगावं लागलं असतं, आणि तेच टाळण्यासाठी तर हा सगळा खटाटोप होता. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची तर दुसऱ्यानं निदान खांदा तरी द्यायला हवा. लांडगे तिघांना हुंगून गुपचूप निघून गेले. घड्याळाचा काटा मात्र पाचाकडे सरकत होता आणि साहेबांच्या कपाळावर घाम जमायला लागला होता. तेव्हा त्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. हे वर येत नाहीत, तर व्हॅम्पायरलाच खाली आणू, असं त्यांनी ठरवलं.

"दार उघडतं," ते खर्जात म्हणाले, "आणि उंबऱ्यावर स्वतः व्हॅम्पायर उभा राहतो."

ते बोलताना साहेब खुर्चीवरून उठले, तसे सवयीनं तिघंही उठून उभे राहिले.

"नमस्कार," भाऊसाहेब म्हणाले. "आपण कशाला तसदी घेतलीत?"

"मी तुमचं रक्त पिणार आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी हळूच विचारलं, "रक्त प्यायल्यावर माणूस मरतो का, साहेब?"

साहेबांनी कागद उलगडून पाहिला. मुलीच्या अक्षरात तिथं लिहिलं होतं, तेच त्यांनी वाचलं. "मरत नाही. व्हॅम्पायर ज्याला चावतो तो त्याचा सेवक होतो. अमर होतो."

"अमर म्हणजे कायम?" उद्यानं विचारलं.

"कायम."

"मध्येच कमी वगैरे करत नाहीत?"

"अमर माणसाला कमी कसं करणार?"

बाईंनी गळ्याभोवतीचा रुमाल सोडला. उद्या खुर्ची सरकवून पुढं झाला. भाऊसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागं ओढलं. "ज्येष्ठतेप्रमाणे," ते म्हणाले, आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं. तिघंही ओळीनं चावून घेऊन किल्ल्यात कायम झाले. इतक्या शांतपणे त्या किल्ल्यात आजवर कोणीच शिरलं नसेल.

साहेबांचं पित्त खवळलं. तिघं आत आले तेही फुकटात, आणि फासा अजून काट्यावरच होता. त्यांनी व्हॅम्पायरला उपाशी ठेवायचं ठरवलं. मालक उपाशी म्हटल्यावर नोकरांना हातपाय हलवावेच लागतील, असा त्यांचा हिशेब. साहेब स्वतःही सकाळपासून उपाशी होते, त्यामुळे आवाजात खरी तळमळ उतरली. "सेवकांच्या अंगात आता रक्त नाही. मला भूक लागली आहे. जा, एक माणूस पकडून आणा."

"धोक्याचं आहे का?"

"आहे."

"बघतो मालक," भाऊसाहेब म्हणाले. "चौकशी करून सांगतो."

"आत्ता जा."

"आत्ता बाहेर पाऊस आहे. आपणच पाडला होता."

एक रात्र गेली, दुसरी गेली. व्हॅम्पायर ओरडला, त्यानं धमक्या दिल्या, मग तो विनवण्या करायला लागला. सेवकांनी दर वेळी माना डोलावल्या. एकानंही नाही म्हटलं नाही आणि एकही जागचा हलला नाही. शेवटी साहेबांनी टेबलावर हात आपटला. "ठीक आहे. मीच जातो. तुमच्यासारखी माणसं ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी." आणि संतापाच्या भरात व्हॅम्पायर एकटाच अंधारात निघून गेला.

तो रिकाम्या हातानं परत आला. आसपास माणूसच उरलेला नाही, असं साहेबांनी मुद्दाम सांगितलं, म्हणजे तिघांना धाक बसेल. "आता पहाट होत आली आहे. मी परत दारापाशी येतो. तर दार लावलेलं आहे." एवढं बोलून ते थांबले, कारण उद्यानं हात वर केला होता.

"मी कडी घातली, साहेब. मालक बाहेर गेले म्हणून. सवय."

"कडी घालताना फासा टाकलास?"

"घालण्यात कसला धोका? धोका उघडण्यात आहे."

हे मात्र साहेबांना आवडलं. आता एकाला तरी उठावंच लागणार होतं. दार उघडायला जो येईल तो फासा टाकील, आणि पाच वाजायच्या आत जे व्हायचं ते होऊन जाईल. त्यांनी टेबलावर बोटानं ठकठक केलं. "दार उघडा. उजेड झाला की मी जळून खाक होईन."

"कोण आहे?" उद्यानं विचारलं.

"मी. तुमचा मालक."

"काय काम आहे?"

"आत यायचं आहे."

"उद्या या," उद्या म्हणाला. ते त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं होतं. बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला, पण एकदा बोललं की बोललं.

कोणी हसलं नाही. साहेबांनी पुन्हा ठकठक केलं, जरा जोरात. "भाऊसाहेब, तुम्ही तरी उघडा. किती वर्षांची आपली ओळख."

"उघडलं असतं हो साहेब," भाऊसाहेब खाली बघत म्हणाले. "आपल्यासाठी नाही उघडणार तर कोणासाठी? पण फासा एक-दोन पडला तर बायकोला दवाखान्यात कोण नेणार?"

"बाई?"

"मी वरच्या मजल्यावर आहे, साहेब," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."

खेळ आहे हे माहीत असूनही साहेबांना भीती वाटली. इतक्या वर्षांत ते कायम दाराच्या आतल्या बाजूला बसले होते. बाहेर उभं राहून ठोठावणाऱ्याला आतली शांतता कशी वाटते, ते त्यांना आज कळत होतं. आत माणसं आहेत, ती आपल्याला ओळखतात, त्यांचं आपल्याशी काही वाकडंही नाही, आणि तरी एकही उठणार नाही. ते तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिले. तिघं फाशाकडे बघत राहिले.

शेवटी बाईंनीच विचारलं, "मग उजाडलं का, साहेब?"

साहेबांना अजून पाऊस पाडता आला असता, ढग आणता आले असते, सूर्यच आजारी पडल्याचं सांगता आलं असतं. पण होत आली म्हटलेली पहाट आता किती लांबवायची? "उजाडलं," ते म्हणाले.

"म्हणजे मालक?"

"गेले."

सुंठीवाचून खोकला गेला. व्हॅम्पायरचा किल्ला जिंकला गेला होता आणि फासा कोणी उचललासुद्धा नव्हता. साहेब खुर्चीत बसले, त्यांनी तोंड पुसलं आणि उसनं हसू आणून म्हणाले, "छान. आता पुन्हा सुरुवातीपासून खेळू."

"साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "पहिला जो मरेल त्याचं नाव, असं आपलं ठरलं होतं."

"मग? कोणी मेलं कुठं?"

तिघंही पहिल्यांदाच सरळ साहेबांकडे बघत होते.

"अहो, मी खेळत नव्हतो. मी खेळवत होतो."

"तसं कागदावर आहे का?"

साहेबांनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. नियम फारसे नव्हतेच. त्यांनी कागद बाजूला ठेवला, फोन जवळ ओढला आणि पाचला थोडा वेळ असताना वरच्या कचेरीचा नंबर फिरवला. पलीकडून आवाज येईपर्यंत त्यांनी भाऊसाहेबांचं नाव ओठांवर आणून पाहिलं. भाऊसाहेब आपल्या तळहाताकडे बघत होते. मग बाईंचं नाव आणून पाहिलं, मग उद्याचं. उद्याचं खरं नाव त्यांना आठवलंच नाही, आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"बोला साहेब, ठरलं का नाव?" पलीकडचा माणूस म्हणाला.

साहेबांनी स्वतःचं नाव सांगितलं. त्यात थोडी लाज होती आणि थोडी आशाही होती. पलीकडचा माणूस आता हसेल, 'अहो साहेब, काय चेष्टा करता' म्हणेल, वरिष्ठांना बोलावील. निदान ओळीनं बसलेल्या या तिघांपैकी एखादा तरी उठून फोनवर हात ठेवील.

"आडनाव पुन्हा सांगता का?" तो माणूस म्हणाला.

साहेबांनी पुन्हा सांगितलं.

"झालं. आभारी आहे."

जिन्यापर्यंत तिघंही सोडायला आले. उद्यानं त्यांची पिशवी उचलली होती, बाईंनी छत्री घेतली होती. शेवटच्या पायरीशी भाऊसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. "साहेब, आम्ही मुद्दाम काही केलं नाही हो."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही काहीच केलं नाही."

घरी मुलगी वाट बघत होती. साहेबांनी तिचा कागद आणि फासा तिच्या हातात दिला. नोकरीचं तिला कसं सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं. रात्री तिच्या आईला आधी सांगू, असं ते वाटेतच मनाशी म्हणाले होते.

"खेळलात, बाबा? व्हॅम्पायर मेला?"

"मेला."

"कोणी मारला?"

"कोणीच नाही. तो बाहेर गेला होता. परत आला तर दाराला कडी. ठोठावत राहिला, आतून कोणी उघडलं नाही, तोवर उजाडलं."

मुलगी विचारात पडली. तिला ते पटलं नव्हतं. "पण बाबा, किल्ला त्याचाच ना? दारही त्याचंच. मग तो ठोठावत कशाला बसला? एक धक्का देऊन तोडायचं की."

साहेब बुटाची नाडी सोडत होते. फोन आला त्या दिवशी 'माझ्या शाखेत जास्तीचं माणूस नाही' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, हे त्यांना तीन दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. ते आत्ता सुचलं. ते वाकलेलेच राहिले.

"सांगा ना बाबा. का नाही तोडलं?"

"त्याला फासा टाकावा लागला असता," साहेब म्हणाले.